सोमारी गोळी खाते

ज्या दिवशी सोमारीनं भर बाजारात ओरडून सांगितलं की आपल्याला एड्स आहे, त्या दिवशी माझ्या टपरीवरची गिऱ्हाइकं अर्धा चहा टाकून उठली. एक जण तर कप धुवायच्या बादलीकडे मागं वळून वळून बघत गेला. भामरागडच्या चौकात माझी चहाची टपरी आहे. मी मूळचा चिमूरकडचा, नाव लटारू. चिमूरच्या माणसाचं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणतात, आणि ते खोटं ठरवायचा प्रयत्न मी कधी केला नाही. पण त्या दिवशी सोमारीपुढं मी अगदीच कोमट होतो.

ती बसमधून उतरली तीच तणतणत. शहरातल्या औषधाच्या केंद्रातून येत होती. शहराचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं की माणसं मुद्दा सोडून शहरावर भांडत बसतात. तिनं थैली बाकावर आपटली, पाणी मागितलं, दिलेलं पाणी प्यायली नाही, आणि पार माशांच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लटारूभाऊ, मले एड्स हाये. हाये तं हाये! पन मी गोळी खाते. रोज खाते! अन् तो डाक्टर मले खोटी म्हनते!"

नवरा मेल्यापासून तिनं हा आजार जिवापाड लपवला होता. बहिणीला ठाऊक नव्हतं, शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला अंदाज होता, पण मी विचारलं नव्हतं. तेवढं सगळं लपवलेलं तिनं एका झटक्यात बाजारात ओतलं. आजाराची लाज तिला वाटायची, नाही असं नाही. पण खोटारडी म्हटल्याचा संताप त्या लाजेपेक्षा मोठा निघाला.

सोमारी नाल्यापलीकडच्या गावची. माडिया. उंचीनं ठेंगणी, हातावर कोपरापर्यंत गोंदण, आणि चालणं असं की रस्त्यानं तिचं काहीतरी देणं बुडवलंय. उन्हाळ्यात मोहफूल आणायची, मग चारोळी, मग तेंदूचा पाला. बोलताना ती सगळ्यांना 'तू' म्हणते. मला तू, फॉरेस्टच्या गार्डाला तू, एकदा बाजारात आलेल्या मोठ्या साहेबालाही तू. एका व्यापाऱ्यानं चारोळी तोलताना काट्यावर हळूच अंगठा टेकवला, तेव्हा तिनं कोयत्याची मूठ त्याच्या अंगठ्यावर हाणली आणि सगळी चारोळी परत टोपलीत भरून घरी घेऊन गेली. घरी नेऊन त्या चारोळीचं काय करणार होती कोण जाणे. पण त्या व्यापाऱ्याला तिनं पुन्हा दाणा दिला नाही.

तिचा नवरा जंगू गडचांदूरकडं ट्रकवर होता. तिकडूनच तो हा आजार घेऊन आला, आणि आला तोच अर्धा होऊन. त्याला गोळ्या मिळाल्या होत्या. त्यानं त्या नाल्यात टाकल्या आणि वर दारू प्यायला. केंद्रात विचारलं की, 'खातो ना साहेब' म्हणायचा. तो गेल्यावर सोमारीचं रक्त तपासलं, ते तसंच निघालं, आणि तिलाही गोळ्या सुरू झाल्या. जंगूच्या कागदांवर 'औषध घेत नाही' असा शेरा होता. तो शेरा नवऱ्याच्या मरणानंतर बायकोच्या मानगुटीवर बसला.

तिची गोळी रोजची एक, रात्रीची. केंद्रात सांगितलं होतं, एकच वेळ ठरवा आणि चुकवू नका. घरात घड्याळ नाही. मोबाइल आहे, पण त्याला चार्ज करायला माझ्या टपरीवर यावं लागतं. मग सोमारीनं कोंबड्या धरल्या. अंगणातल्या कोंबड्या दिवेलागणीला झाडावर चढतात. शेवटची कोंबडी चढली की सोमारी गोळी खाणार, वरून वाटीभर जावा पिणार. जावा म्हणजे तांदळाची पातळ पेज. तापात असो, लग्नात असो, दुसऱ्याच्या गावात असो, ती आधी त्या घरच्या कोंबड्या कुठं चढतात ते बघून ठेवायची. मी स्वतः बघितलंय. एकदा बाजारात उशीर झाला तेव्हा बोलता बोलता ती थांबली, कसाईवाड्याच्या मागच्या चिंचेकडे पाहिलं, आणि कंबरेची पुडी सोडून गोळी घेतली.

"किती वाजता घेतेस?" असं डॉक्टरनं विचारलं होतं.

"कोंबड्या बसल्यावर," ती म्हणाली होती.

डॉक्टर हसले. तिथंच पहिली ठिणगी पडली. तिचं अंग झडत चाललं होतं, तोंडात पांढरी बुरशी आली होती, पेजसुद्धा गिळवत नव्हती. गोळी रोज पोटात जात असून असं व्हायला लागलं, तर दोनच गोष्टी असतात. एक तर माणूस गोळी खात नाही, किंवा ती गोळी आता त्या माणसाला पुरत नाही, विषाणू तिला सरावलाय, आणि दुसरी गोळी द्यायला हवी. मला हे नंतर सिस्टरनं समजावलं. डॉक्टरांना ते आधीपासून ठाऊक होतं. पण त्यांनी पहिलीच गोष्ट धरली, कारण ती सोपी होती. उरलेल्या गोळ्या मोजल्या तर बरोबर निघाल्या. त्यावर म्हणाले, "येताना जास्तीच्या फेकून देत असेल. नवराही तसाच होता." आणि हे केबिनमध्ये नाही, बाहेर व्हरांड्यात, बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर.

गर्दी असते हो, डॉक्टर थकतात, असं मला कोणी तरी समजावलं. गर्दी बाजाराच्या दिवशी माझ्याकडेही असते. मी गिऱ्हाइकाला चोर म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, रक्तातला विषाणू मोजायची तपासणी असते, तेवढी करायची की. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईल. बरोबर. तीच तर मागत होती सोमारी. पण त्या तपासणीसाठी नळीभर रक्त लागतं, ते थंडीत ठेवावं लागतं आणि त्याच दिवशी यंत्रात फिरवावं लागतं. केंद्रात ते रक्त सकाळीच घेतात. भामरागडची बस पोचते दुपारी. एकदा सोमारी बसस्टँडवर झोपली आणि सकाळी दारात जाऊन उभी राहिली, तर म्हणे आज नमुने नेणारी गाडी नाही. पुढच्या वेळी रक्त घेतलं, तर गाडी वाटेत बंद पडली आणि नमुना बाद झाला. हे तिला कळलं महिन्यानं, म्हणजे पुन्हा गेल्यावर. बाद झालेल्या नमुन्याबद्दल कोणी तिला सॉरी म्हटलं नाही. तिच्या कागदावर मात्र 'तपासणी झालेली नाही' असं आलं, म्हणजे दोष पुन्हा तिच्याकडेच.

त्या बाजारानंतर मी रंजीता सिस्टरला गाठलं. ती तालुक्यातल्या गावागावांत जीप घेऊन फिरायची. पोरगी चंद्रपूरकडची, अंगानं किडकिडीत, पण ऐकून घेणारी. मी बराच वेळ तडतडलो. ती चहा संपवून म्हणाली, "भाऊ, आता एक नवीन चालू होऊन राह्यलं. कागदावर रक्त. बोटाले सुई टोचाची, जाड कागदावर थेंब पाडाचे, वाळवाचे, पिशवीत घालून बसनं पाठवाचे. थंडी नको, नळी नको, काई नको. वाळलेल्या ठिपक्यातून मोजतात."

मला ते खरं वाटेना. मी म्हटलं, रक्त काय पापड आहे का? ती हसली आणि पुढल्या आठवड्यात येते म्हणाली.

ती आली तेव्हा श्रावण होता. आमच्याकडचा श्रावण म्हणजे मीठ पाणी होतं, आगपेटी पेटत नाही, वाळत घातलेलं लुगडं चार दिवसांनी वास मारतं. सोमारीच्या ओसरीवर सिस्टरनं तिच्या बोटाला सुई टोचली आणि जाड कागदावरच्या छापील गोलांत एकेक थेंब पाडला. आता ते वाळायला हवे होते. वाळेनात. नाल्याचं पाणी चढायला लागलं होतं आणि ड्रायव्हर धनराज हॉर्न वाजवत होता. जीप अडकली तर साहेब त्याला सोलून काढतील अशी त्याची भीती होती. मग सिस्टरनं कागद सोमारीच्या हातात दिला. कडक वाळू द्या, मग या पिशवीत या पुडीसोबत घाला आणि लटारूभाऊकडे द्या, ते बसमध्ये ठेवतील, असं सांगितलं आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी सोमारी कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडून आली, पिशवी डोक्यावर धरून. "चांगला कडकडीत वाळला," म्हणाली. चेहऱ्यावर असं काही होतं की जणू दिवाणी कज्ज्याचा पुरावा घेऊन आलीय. मी पिशवी घेतली. धुराचा वास आला. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला, माणसालासुद्धा, धुराचा वास असतो. मी ती कंडक्टरच्या हातात दिली आणि जपून ने म्हणून दोनदा बजावलं.

निकाल आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. रक्तात विषाणू जवळजवळ नाहीच.

डॉक्टर खूश. म्हणाले, "बघ, आता नीट घ्यायला लागलीस तर कसं झालं!"

सोमारी म्हणाली, "मी पयलेपासून तेवढीच खातो. तवा बी खात होती, आता बी खातो." रागात असली की तिचं मराठी असंच विस्कटतं. "मंग मी बरी काऊन नाई?"

"खाण्याकडे लक्ष दे. अंडी खा. घरी कोंबड्या आहेत ना?"

हे तिनं मला टपरीवर सांगितलं तेव्हा मी हातातला कप आपटला आणि फोडला. आधी ती गोळी खात नाही म्हणून खोटी. आता गोळी लागू पडतेय, म्हणजे आधी खात नव्हती, म्हणून खोटी. आणि वर आजारी असल्याबद्दलही तीच खोटी. जो कागद तिला खरी ठरवणार होता, त्यानंच तिच्या तोंडाला काळं फासलं. गोळी बदलायचा विषय तिथं संपला. यंत्रानंच सांगितलंय म्हटल्यावर बोलणार कोण?

त्या हिवाळ्यात तिला टीबी झाला. खोकून खोकून ती ओसरीवरून उठेना. त्याचं औषध मिळालं, तेही ती कोंबड्यांच्या हिशेबानं खात राहिली. पण चैत्र आला आणि सोमारी मोहाला गेली नाही. आमच्याकडे हे वाक्य साधं नाही. पहाटे सगळं गाव झाडाखाली असतं, फुलं टपटप पडत असतात, लेकुरवाळीसुद्धा पोर पाठीला बांधून वेचत असते. तिच्या वाट्याच्या झाडाखाली दुसऱ्यांनी टोपल्या भरल्या आणि तिच्या दारात थोडी फुलं आणून ठेवली. तिनं ती उचलून अंगणात फेकली. कोणी दया केलेली तिला चालत नाही. मी भेटायला गेलो तर मलाही म्हणाली, "तू काऊन आला? मेली का नाई पाहाले?"

पुढचा पावसाळा आला. रंजीता सिस्टर टपरीवर येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, मले त्या रिपोर्टवर भरोसा नाई. आकडा एवढा खाली अन् बाई अशी? पुन्हा एकदा कागद करू. पन ती मले दारात उभी करत नाई. तुम्ही चला." मी टपरी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकली आणि जीपमध्ये बसलो. त्या टपरीवर त्या दिवशी साखरेऐवजी मीठ पडलं होतं हे मला नंतर कळलं.

सोमारीनं आम्हाला बघून तोंड फिरवलं. मी बरंच बोललो, विनवलं, मग ओरडलो. ओरडल्यावर ती थोडी मऊ झाली; तिला ओरडणारी माणसं कळतात. हात पुढं केला. बोट इतकं वाळलेलं होतं की सिस्टरला ते दाबून दाबून थेंब काढावे लागले. कागदावरचे गोल भरले. बाहेर पाऊस धो धो, कागद ओला तो ओलाच.

सोमारी उठली. कण्हत का होईना, उठली. म्हणाली, "दे इकडं. मागं वाळवला तसा वाळवतो."

आणि ती कागद घेऊन चुलीकडे निघाली.

चुलीच्या वर दोरांनी टांगलेला बांबूचा माळा होता. धुरानं काळाकुट्ट. त्यावर पुढल्या वर्षाचं मक्याचं बी होतं, सुकवलेली मासळी होती, भोपळ्याच्या बिया होत्या. ज्या घरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, त्या घरातली सगळ्यात मोलाची जागा ती. जे जगवायचं, ते तिथं ठेवतात. खाली चूल दिवसरात्र धुमसत असते. मागच्या वर्षी सोमारीनं आपलं रक्त तिथं ठेवलं होतं, बियाण्याच्या शेजारी, आणि ते चांगलं कडकडीत वाळावं म्हणून चुलीत दोन लाकडं जास्तीची सारली होती.

रंजीता सिस्टरनं बसल्या जागेवरून माळ्याकडे बोट दाखवलं.

"तिथं वाळवला होता?" तिनं विचारलं. "आगीवर? सोमारीबाई, उष्णतेनं सगळं मरून जाते त्याच्यातलं. मोजाले काई उरतच नाई. म्हनून... म्हनून आकडा खाली आला."

सोमारी फुटली. मी तिला बाजारात ओरडताना ऐकलं होतं, पण हे वेगळं होतं; ती खोकत होती आणि ओरडत होती, आणि एकामुळं दुसरं थांबत नव्हतं.

"तू म्हनली वाळव! कडक वाळव म्हनली! पावसात आमी वाळवतो ते इथीच वाळवतो. बी इथी, मासा इथी. तू सांगतलं का, चुलीवर नको? सांगतलं का? तुह्या घरी कुठी वाळवतेस तू?"

सिस्टर मान खाली घालून म्हणाली, "पंख्याखाली."

मी पिशवी उचलून बघितली. बारीक अक्षरात छापलं होतं, ऊन, उष्णता, धूळ यांपासून दूर ठेवा. सोमारीला वाचता येत नाही. मला येतं, पण मागच्या वर्षी मी ती पिशवी बंदच कंडक्टरला दिली होती. आणि ज्यानं ती सूचना लिहिली, त्याच्या डोक्यावर पंखा फिरत असणार. त्याच्या डोळ्यांसमोर टेबल असेल, खिडकी असेल, बाहेर ऊन असेल. आगीवर कोण वाळवेल कागद, असंच त्याला वाटलं असणार. ज्या घरात पंखा नाही, वीज नाही आणि श्रावणात कोरडी जागा एकच, ती आगीवरची, ते घर त्या माणसानं कधी बघितलंच नव्हतं. एक वर्ष गेलं सोमारीचं. एक फुप्फुस गेलं म्हणा ना. मला त्या माणसाला भामरागडला आणून पावसाळाभर ठेवायचं होतं, आणि त्याचे सगळे कपडे चुलीवरच वाळवायचे होते.

सिस्टरनं सबबी सांगितल्या नाहीत, हे मात्र लिहिलं पाहिजे. ती म्हणाली, "माही चूक झाली. मी थांबाले पायजे होतं." मग उठली, डोळे पुसले आणि जागा शोधायला लागली. ओसरीवर वाऱ्यानं पाऊस आत येत होता. घरात धूर. शेवटी सोमारीनंच मागच्या अंगणात बोट दाखवलं. तिथं धान्याची कोठी होती, चार खांबांवर उभी, बांबूच्या विणीची, वर गवती छप्पर. श्रावणात ती रिकामीच असते. आत आग नाही, ऊन नाही, धूळ नाही, आणि विणीतून वारा खेळतो. दोन चिरलेल्या कामट्यांमध्ये कागद असा धरला की ठिपके कशालाच टेकणार नाहीत.

"आता थांबाचं," सिस्टर म्हणाली.

धनराज ड्रायव्हर डोकं धरून बसला. "मॅडम, नाला चढून राह्यला. गाडी अडकली तं माही नोकरी जाईन."

सोमारी त्याच्याकडे वळली. "तुही गाडी अडकन? माहा जीव अडकला एक साल! बस तिथी."

तो बसला. मागच्या वर्षी एवढंच हवं होतं, ती जीप थोडा वेळ थांबायला हवी होती. या भागात सगळ्या गोष्टी थांबतात. रस्ता थांबतो, पूल थांबतो, वीज थांबते, पूर आला की अख्खा तालुका थांबतो. न थांबणारी वस्तू एकच होती, आणि तिच्यात धनराज हॉर्न वाजवत बसला होता.

सोमारी कोठीच्या दारात काठी घेऊन बसली. पावसाला कंटाळलेल्या तिच्याच कोंबड्या आसऱ्याला कोठीत शिरायला बघत होत्या आणि ती त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत हाकलत होती. ठिपके लाल होते ते तांबडे झाले, मग काळपट तपकिरी. सिस्टर मधूनमधून वाकून बघायची. मी आणि धनराजनं तोवर सोमारीकडचा काळा चहा घोटाघोटानं पिऊन संपवला. धनराजही शेवटी नाल्याऐवजी कागदाकडे बघायला लागला होता.

पुरतं वाळल्यावर सिस्टरनं कागद पिशवीत घातला, ओलावा शोषणारी पुडी टाकली, पिशवी बंद केली आणि ती स्वतःच्या ब्लाउजच्या आत ठेवली. तेवढ्यात शेवटची कोंबडी फडफडत मोहावर चढली. सोमारीनं काठी बाजूला ठेवली, कंबरेची पुडी सोडली, कोणाकडे न बघता गोळी तोंडात टाकली आणि वर जावा प्यायली. सिस्टर ते बघत राहिली. नाल्याचं पाणी जीपच्या पायदानाला लागलं, पण जीप पार झाली.

या वेळी विषाणूचा आकडा लाखांत होता.

गोळी पुरतच नव्हती. किती दिवसांपासून, देव जाणे. तरी लगेच औषध बदललं असेल असं वाटत असेल, तर तुम्ही अजून सरकारी नियम बघितले नाहीत. नियमाप्रमाणे आधी सोमारीला गोळी कशी खावी हे शिकवण्यात आलं. नियमित खावी, ठरलेल्या वेळी खावी, असं एका बाईनं तिला चित्रं दाखवून समजावलं. सोमारी ते सगळं ऐकून आली, आणि मला आजही कळत नाही की तिनं ते चित्र फाडलं कसं नाही. मग पुन्हा एक कागद, कोठीतच वाळवलेला. पुन्हा लाखांत. तेव्हा कुठं केंद्रातून बोलावणं आलं.

मी सोबत गेलो. व्हरांड्यात तोच बाक होता, तशीच माणसं, मांडीवर थैल्या, एकमेकांची नजर टाळत बसलेली. आम्ही आत गेलो. डॉक्टर तेच. वयानं फार नाहीत, डोळ्यांखाली काळं. त्यांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "बरं. औषध बदलतोय. आता दोन वेळा घ्यायचं, सकाळी आठ, रात्री आठ."

"कोंबडा आरवला का एक, कोंबड्या चढल्या का एक," सोमारी म्हणाली.

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी डबी पुढं सरकवली. सोमारीनं तिला हात लावला नाही.

"पयले म्हन," ती म्हणाली. "सोमारी खोटी नव्हती म्हन."

"हो, ठीक आहे. तुम्ही घेत होतात. रिपोर्टमध्ये आलंय ना."

"इथी नको. बाहेर म्हन. खोटी बाहेर म्हनलं होतं तू."

"बाई, बाहेर रांग आहे."

"म्हनूनच."

डॉक्टर खुर्चीतून हलले नाहीत. मला वाटलं, आता शिपाई येईल, आरडाओरडा होईल, आणि मी बाह्या वर करायच्या तयारीत होतो. पण सोमारी उठली, दारापाशी गेली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. मग ती तिथंच उभी राहिली, पाठ दाराला लावून, म्हणजे बंद करता येऊ नये. बाकावरच्या सगळ्यांनी आत पाहिलं. डॉक्टरांनी बाहेर पाहिलं.

"आता बसल्या जागी म्हन," ती म्हणाली.

डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "सोमारीबाई गोळी घेत होत्या."

"मोठ्यानं."

त्यांनी मान वर केली. "सोमारीबाई रोज गोळी घेत होत्या. चूक आमची होती."

सोमारीनं येऊन डबी उचलली आणि कमरेला खोचली. आम्ही बाहेर पडलो, तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेला एक माणूस उठून उभा राहिला. सदऱ्यात नुसती हाडं. तो आमच्याकडे नाही, उघड्या दाराकडे बघत होता. म्हणाला,

"साहेब, मी बी खातो."

आणि त्याच्या शेजारची बाई, तोंडाला पदर लावून, बसल्याबसल्याच म्हणाली, "मी बी."

आत डॉक्टर लिहायचे थांबले. सोमारी त्या माणसापाशी गेली, त्याच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आपल्या त्या बाजाराच्या आवाजात म्हणाली, "रक्त दे. कागदावर दे. अन् आयक, चुलीवर नको वाळवू."